कपड्यातली माया

शिवणकामात ‘माया’ हा रोजचा शब्द आहे. शिवणीच्या आत दोन्ही बाजूंना राखलेलं जादा कापड म्हणजे माया. अंग भरलं की शिवण उसवायची, मायेतलं कापड बाहेर सोडायचं, कपडा पुन्हा बसतो. जुन्या शिंप्याच्या हातच्या पोलक्यात दोन्ही कुशींना इंच-दीड इंच माया असायची. लग्नातलं पोलकं दोन बाळंतपणांनंतर गणेश चवथीला पुन्हा अंगात यायचं, ते या मायेच्या जोरावर. आता गोव्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात टांगलेली कुठलीही तयार कुर्ती उलटी करून पाहा. शिवणीच्या आत जेमतेम एक सेंटीमीटर कापड, तेही ओव्हरलॉकने कापून बंद केलेलं. हा कपडा एका मापापुरता, एका मोसमापुरता बनवलेला आहे. आणि जिचं शरीर दीड-दोन वर्षांत तीनदा बदलतं, त्या नव्या आईच्याच माथी तो सगळ्यात जास्त मारला जातो.

आईच्या कपड्यांचा विषय निघाला की दोन सल्ले ठरलेले असतात. घरातून मिळणारा सल्ला असा: आता तुला कोण बघतंय, सोयीचं काहीतरी घाल. जाहिरातींचा बरोबर उलटा: आई झालीस म्हणून काय झालं, छान राहा. वरवर दोघांचं भांडण दिसतं, पण समजूत एकच आहे. सोय आणि देखणेपण यांचं जमत नाही, तेव्हा बाईनं एकाला सोडावं. मला ही समजूत मुळातच चुकीची वाटते. रोजच्या कपड्यात ही दोन्ही एकत्र येत नाहीत याचं कारण बाईच्या आवडीत नाही. ते कापणीत आहे, कापडाच्या निवडीत आहे आणि तिनं काय घालावं हे ठरवणाऱ्या शाळा-कचेऱ्यांच्या नियमांत आहे. या तिन्ही गोष्टी बदलता येतात. त्या बदलायची जबाबदारी मात्र आपण रात्रभर जागलेल्या बाईवर टाकून मोकळे झालो आहोत.

देखणेपण म्हणजे काय, हे आधी नीट पाहू. शिवलेला कपडा देखणा आहे की नाही हे खांद्यावर कळतं. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर बसली, छातीवरचा टक (कापड दुमडून घातलेली शिवण) छातीच्या टोकाच्या इंचभर अलीकडे थांबला आणि उंची पायजम्याच्या मोहरीला, म्हणजे पायाशी असलेल्या घेराला, साजेशी असली, तर साधी छापील कुर्तीही नेटकी दिसते. खांदा इंचभर खाली उतरला की वर कितीही भरतकाम असू दे, बाई दमलेलीच दिसते. हे नेटकेपण मिळवायला एक पैसाही जास्त लागत नाही, माप लागतं. टिकल्या, आरसे, जरीच्या कडा हा वेगळा मामला, आणि कडेवर मूल असेल तर तो टाळलेलाच बरा. टिकलीची कड तान्ह्याच्या गालाला कशी लागते हे त्या गालावरच्या लाल रेघेत दिसतं.

आता गोव्याची हवा. वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, आणि उरलेल्या वर्षभर समुद्राचा दमटपणा. अशा हवेत घाम सुकत नाही, तो कापडानं ओढून घ्यावा लागतो. इथे धाग्याधाग्यात फरक आहे. साधारण हवेत १०० ग्रॅम सुती कापड आठ ग्रॅमच्या आसपास ओलावा स्वतःत धरून ठेवतं. रेयॉन त्याहून जास्त, अकरा ते तेरा ग्रॅम. पॉलिस्टर अर्धा ग्रॅमदेखील नाही. क्रेप आणि जॉर्जेट म्हणून जे स्वस्तात मिळतं, त्यातलं बहुतेक पॉलिस्टरच असतं. दूध पाजणाऱ्या बाईला घाम एरवीपेक्षा जास्त येतो, त्यात पॉलिस्टरचा कपडा म्हणजे काखेत आणि छातीखाली घामोळं ठरलेलं. दुकानात ‘कॉटन मिक्स’ असं सांगितलं तर आतल्या शिवणीतला एक धागा ओढून घ्यावा आणि घरी आल्यावर जाळून पाहावा. सुताला जळक्या कागदाचा वास येतो आणि मऊ राख उरते. पॉलिस्टर वितळतं, टोकाला काळा कडक मणी बनतो.

तरीही पावसात बायका पॉलिस्टर घेतात आणि त्याला सबळ कारण आहे: ते रात्रीत वाळतं. जाड सुती कुर्ता जुलैमध्ये सोप्यातल्या दोरीवर दोन-तीन दिवस ओलाच राहतो, वास धरतो, तिसऱ्या दिवशी त्यावर बुरशीचे काळे ठिपके येतात. ते ठिपके पुढे सहजी जात नाहीत. म्हणून ‘सुती घाला’ एवढं सांगून भागत नाही, सुतातलं कुठलं तेही सांगायला हवं. खादी आणि जाड हातमाग हे नाताळानंतरचं कापड. पावसात मलमल किंवा कँब्रिक, म्हणजे हाताला पातळ लागणारं, पिळून झटकलं की पंख्याखाली एका रात्रीत वाळणारं. मलमल पारदर्शक असते, तिला अस्तर लागतं, आणि नेमक्या याच जागी खोट असते. बाहेरून सुती आणि आतून पॉलिस्टरचं अस्तर असलेल्या कुर्त्या सर्रास विकल्या जातात. अंगाला लागतं ते अस्तर, मग बाहेरचं सूत काय कामाचं? अस्तर त्याच पातळ सुताचं घ्यावं आणि फक्त सीटपर्यंत द्यावं. खालपर्यंत दिलं तर वाळायला दुप्पट वेळ. रेयॉन अंगाला गार लागतं, पडतंही सुरेख, पण ओलं झालं की त्याची ताकद जवळपास निम्मी होते. ओल्या रेयॉनला पीळ दिला की काखेतली शिवण सुटते आणि कापड धुता धुता आखडतं. ते पिळायचं नाही, तसंच निथळत ठेवायचं.

सुती कापडही पहिल्या धुण्यात तीन ते पाच टक्के आखडतं. बेचाळीस इंचांची कुर्ती सहज दीड-दोन इंचांनी आखूड होते आणि बाहेरचं कापड व अस्तर वेगवेगळं आखडलं तर खालची कड सुरकुतते. उपाय अगदी साधा, शिवायला देण्याआधी दोन्ही कापडं रात्रभर साध्या पाण्यात भिजवून वाळवायची. घाईच्या दिवसांत शिंपी हे करत नाही. आपण करून द्यावं.

कापड साधलं तरी कापणी चुकली तर काही उपयोग नाही, आणि सगळ्यात जास्त चुका मुंढ्यात, म्हणजे बाही जोडतात त्या काखेभोवतीच्या घेरात, होतात. मुंढा खोल ठेवला की हात मोकळा राहतो असं सगळ्यांना वाटतं, तयार कपडे बनवणाऱ्यांनाही. प्रत्यक्षात उलट घडतं. मुंढा काखेच्या इंच-दीड इंच खाली असला की हात वर करताच सगळी कुर्ती हाताबरोबर वर ओढली जाते. मूल उचलताना, दोरीवर कपडे टाकताना, बसमध्ये दांडा धरताना पोट उघडं पडतं ते यामुळेच. मुंढा काखेजवळच हवा. मोकळीक द्यायची ती बाहीत: दंडघेराच्या मापात दोन-अडीच इंच जास्त घ्यायचे. त्याहून मोकळा हात हवा असेल तर काखेत तीन इंचांचा चौबगला, म्हणजे जोडाचा चौकोनी तुकडा, घालावा. जुन्या बंड्यांना, अंगरख्यांना तो असायचाच. ज्या माणसाला दिवसभर हात वर-खाली करायचे आहेत त्याच्यासाठी काढलेली ती युक्ती, आणि आज दिवसभर मूल उचलणाऱ्या बाईच्या कपड्यात नेमकी तीच नाही.

तसंच पायजम्याचं आसन, म्हणजे दोन पायांच्या मधला बैठकीचा भाग. मुलाच्या चपलेचा बंद बांधायला आई उकिडवी बसते, तेव्हा मागून कंबर खाली सरकते. आसन मागच्या बाजूला पुढच्यापेक्षा दोन-अडीच इंच जास्त लागतं. तयार लेगिंग्जमध्ये हा फरक बऱ्याचदा नसतोच, दोन्ही बाजू एकसारख्या कापलेल्या असतात. पूर्वीची पटियाला सलवार या बाबतीत फार चांगली होती, पण तिचा घेर पावसाळ्यात नडतो. पलाझोचंही तेच. रुंद मोहरी रस्त्यावरचं पाणी वातीसारखं वर चढवते, गुडघ्यापर्यंत कापड ओलं होतं आणि स्कूटरच्या स्टँडमध्ये अडकतं ते वेगळंच. बारा ते चौदा इंच मोहरीचा, घोट्याच्या थोडा वर संपणारा सरळ पायजमा गोव्याच्या पावसाला पुरून उरतो. तो दिसतोही चांगला, कारण कुर्तीखाली त्याची रेघ सरळ राहते.

स्कूटरचा विचार केल्याशिवाय गोव्यातल्या आईच्या कपड्यांबद्दल काहीही बोलणं व्यर्थ आहे. कदंबची सरकारी बस ठरावीक रस्त्यानं जाते. शाळा, अंगणवाडी, बाजार, कचेरी ही फेरी दुचाकीवरच होते. मोटार वाहन नियमावलीत, १९८९ पासून, एक तरतूद आहे. मोटरसायकलवर मागे बसणाऱ्यासाठी धरायला मूठ, पाय ठेवायला आधार आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं आवरण हवं, कशासाठी तर बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून. म्हणजे या देशात बाईचा कपडा चाकात जातो हे कायदा बनवणाऱ्यांनी मान्य केलं आणि गाडी बदलायला लावली. कपडा बनवणाऱ्यांनी मात्र अडीच मीटरची ओढणी तशीच ठेवली. आता चार वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर नेताना चालवणाऱ्याला बांधणारा पट्टा लागतो. तो पट्टा आईच्या छाती-पाठीवरून जातो आणि त्याच्याखाली ओढणी गोळा होते. रोजच्या वापराच्या कुर्तीला ओढणीची गरज भासू नये, एवढा विचार गळ्यातच व्हायला हवा. पुढचा गळा सहा इंचांवर थांबवावा आणि रुंदीला अर्धा इंच कमी घ्यावा. वाकल्यावर गळा उघडा पडतो तो खोलीपेक्षा रुंदीमुळे जास्त.

मग खिसा. ‘साइड कट असतो, खिशाला जागा कुठे?’ हे शिंप्यांचं ठरलेलं उत्तर. जागा असते. बेचाळीस इंच उंचीच्या कुर्तीत खांद्यापासून सतराव्या इंचावर खिशाचं तोंड सुरू करावं, तेविसाव्यावर संपवावं आणि साइड कट पंचविसाव्यावरून सोडावा. खाली सतरा इंच कट उरतो, स्कूटरवर बसायला तो भरपूर होतो. खिशाची पिशवी सरळ खाली सोडली तर ती कटातून डोकावते. म्हणून ती पुढच्या भागाकडे तिरकी कापायची आणि तिची वरची कड कमरेच्या शिवणीला एका पट्टीनं टाचायची, म्हणजे फोनच्या वजनानं कुर्ती एका बाजूला लोंबत नाही. कटाच्या टोकाला आतून कापडाचा छोटा तुकडा लावून मगच टाका घालायचा. स्कूटरवर चढता-उतरताना कपडा पहिल्यांदा फाटतो तो तिथेच. एवढं सगळं करायला पाव मीटर कापड आणि अर्धा तास जास्त लागतो. एका हातात मूल, दुसऱ्या हातात छत्री असलेल्या बाईसाठी तो अर्धा तास घालवायला कुणाची ना नसावी.

दूध पाजायच्या कपड्यांचा बाजार गेल्या काही वर्षांत मोठा झाला, पण त्यातला बराचसा माल न वापरून पाहताच बनवलेला दिसतो. नेहमीची तऱ्हा म्हणजे प्रिन्सेस कटच्या, छातीवरून खाली जाणाऱ्या शिवणीत दोन उभ्या कन्सील (बाहेरून न दिसणाऱ्या) चेन. चेन पाच इंचांची असते तिथे ती सात-आठ इंचांची हवी. पाच इंचांत बाळाचं नाक दबतं आणि आईला कपडा ताणून धरावा लागतो. कन्सील चेन मुळात नाजूक, रोज आठ-दहा वेळा उघडझाप झाली की खालच्या टोकाला उसवते. तिच्या मागे दोन बोटं रुंद सुती पट्टी नसेल तर दाते बाळाच्या गालाला घासतात. धातूची सरक असेल तर समुद्राच्या खाऱ्या हवेत ती काही महिन्यांत गंजते आणि कपड्यावर तांबूस डाग पाडते. यापेक्षा अंगरख्यासारखा एकावर एक येणारा पुढा चांगला. त्यात चेन नाही, बटण नाही, एक बाजू सरकवली की झालं. दूध सुटल्यावर तीच कुर्ती पुढे कितीही वर्षं घालता येते, कुणाला कळतही नाही की ती पाजण्यासाठी शिवली होती. सोय आणि देखणेपण एकाच कापणीत कसं बसतं, हे दाखवायला मला याहून चांगलं उदाहरण सुचत नाही.

साडीबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण साडी सोयीची की गैरसोयीची यावर आपल्याकडे भांडणंच फार. पाजायला साडी उत्तम असते. पदर आडोसा देतो, पोलक्याचे खालचे दोन हूक काढले की काम होतं. बिघडलं ते पोलक्यात आणि परकरात. हूक पाठीमागे गेले, गळ्याला दोरी आली, कापड ताणलं न जाणारं आणि तेही अस्तरासकट. पदराला पिना आल्या, आणि खांद्यावर पिन असताना त्याच खांद्यावर बाळाचं डोकं टेकवायचं. परकराची नाडी ही तर दुखण्याची जागा. २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी दोन स्त्रियांच्या केसेस वैद्यकीय नियतकालिकात मांडल्या. वर्षानुवर्षं कमरेला एकाच जागी करकचून बांधलेल्या नाडीच्या घर्षणानं तिथे न भरणारी जखम झाली आणि पुढे त्वचेचा कर्करोग. असं क्वचितच होतं, पण नाडीचा काळा वळ कमरेवर नाही अशी रोज साडी नेसणारी बाई शोधावी लागेल. दोरीसारख्या नाडीऐवजी दीड-दोन इंच रुंद सुती पट्टा लावला, नेफा थोडा वर-खाली करत बांधला, की ताण एका रेघेवर येत नाही.

गोव्यात हे जास्त महत्त्वाचं ठरतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार राज्यातल्या ३९.५ टक्के बाळंतपणांत सिझेरियन होतं. सिझेरियनचा टाका ओटीपोटावर आडवा असतो, जीन्सचा आणि साध्या लेगिंग्जचा पट्टा जिथे येतो बरोबर तिथेच. टाका वरून भरला तरी महिनोन्‌महिने तिथे घासलेलं सहन होत नाही. तेव्हा पायजमा एक तर बेंबीच्या वर, रुंद मऊ पट्ट्याचा हवा, नाहीतर टाक्याला न टेकणारा सैल. हे बाळंतिणीला दवाखान्यातून घरी पाठवताना सांगायची गोष्ट आहे, औषधांच्या यादीसोबत. कोण सांगतं?

उरला गाऊन. घरातल्या आईचा खरा गणवेश तोच. पुढे चेन, सैल घेर, सुती कापड, कमरेला काही नाही. टाक्यालाही तो चालतो, पाजायलाही चालतो. बाईनं स्वतः शोधून काढलेला हा सगळ्यात सोयीचा कपडा, आणि त्याचीच सगळ्यात जास्त चेष्टा होते. चेष्टेवर भागत नाही, दंडापर्यंत जातं. २०१४ मध्ये नवी मुंबईतल्या गोठिवली गावात महिला मंडळानंच दिवसा गाऊन घालून बाहेर पडणाऱ्या बाईला ५०० रुपये दंड लावायचं ठरवलं. २०१८ मध्ये आंध्रातल्या तोकलापल्ली गावानं सकाळी सात ते संध्याकाळी सात गाऊनवर बंदी घालून दंड २,००० रुपये केला. सकाळी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, हॉर्नवर पाव घ्यायला दारात जायचं तर गाऊनवर टॉवेल टाकून जाणारी बाई कुठल्या लेखी नियमाला घाबरत नसते, पण भीती त्याच जातीची असते. मला या चेष्टेचा राग येतो. गाऊनमध्ये उणिवा आहेत, पण त्या शिवणकामाच्या आहेत: खालची झालर जिन्यावर पायात येते, खिसा नसतो, खांदा कुणाच्याच मापाचा नसतो, आणि पॉलिस्टरचा असेल तर गॅसजवळ तो धोकादायक, कारण वितळून कातडीला चिकटतो. झालर काढा, उंची घोट्याच्या चार इंच वर आणा, खांदा मापात बसवा, दोन खिसे लावा, गळ्याला कॉलर किंवा साधा गोट द्या. तोच गाऊन बाजारात घालून जाण्याजोगा सुती अंगरखा होतो. टॉवेलची गरज उरत नाही.

कष्टकरी बाईच्या कपड्यात देखणेपण असूच शकत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी गोव्यातलंच कुणबी कापड पाहावं. लाल चौकडीची सुती साडी, गुडघ्याच्या थोडी खाली, पदर खांद्यावर गाठ मारून बांधलेला. त्या गाठीला देठली म्हणतात. भाताच्या चिखलात लावणी करणाऱ्या, पाठीशी पोर असणाऱ्या बायकांनी हे नेसणं घडवलं. दोन्ही हात मोकळे, पाय मोकळे, पदराला पिन नाही, रंग असा की मातीचा डाग कळू नये. कोलवाळचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी या कापडाला पुन्हा जगासमोर आणलं तेव्हा फॅशनच्या व्यासपीठावर त्याचं कौतुक झालं. रॉड्रिक्स २०२० मध्ये गेले. त्या कौतुकात एक गोष्ट मागे पडली असं मला वाटतं. आपण साडी घेतली, चौकडी घेतली, तिचे पडदे आणि पिशव्या केल्या. हात मोकळे ठेवायचा जो विचार त्या गाठीत होता, तो घेतला नाही.

आणि आता नियम. प्रसूती लाभ कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती झाली, पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. ५० किंवा अधिक माणसं काम करतात तिथे पाळणाघर हवं, आईला दिवसातून चारदा तिथे जाता यायला हवं. रजेवरून परत आल्यावर मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत रोज दोन वेळा पाजायला सुट्टी, ही तर १९६१ च्या मूळ कायद्यातच होती, आणि २०२५ मध्ये त्याच्या जागी आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हे हक्क कायम आहेत. २६ आठवडे म्हणजे सहा महिने. जागतिक आरोग्य संघटना सांगते, दोन वर्षांपर्यंत पाजत राहा. याचा अर्थ बाई कामावर परतते तेव्हा ती पाजणारी आई असते आणि तिचा दिवस आठ-नऊ तासांचा असतो. मूल जवळ नसेल तर तिला मधे एक-दोनदा दूध काढावंच लागतं, नाहीतर छातीत गाठी होतात, ताप येतो. अशा वेळी पाठीला चेन असलेला गणवेश किंवा ठरावीक पद्धतीनं पिना लावलेली साडी म्हणजे कायद्यानं दिलेला हक्क कपड्यानं काढून घेणं झालं. पाठीची चेन उघडायची तर सगळा कपडा उतरवावा लागतो, आणि बहुतेक ठिकाणी त्यासाठी जागा एकच, शौचालय.

शेजारच्या महाराष्ट्रानं मार्च २०२४ मध्ये शिक्षकांच्या पोशाखाचे निर्देश काढले. शिक्षिकांनी साडी किंवा सलवार-चुडीदार, कुर्ता, दुपट्टा घालावा; जीन्स-टीशर्ट नको. निदान साडीची एकटीची सक्ती नाही, हे बरं. पण दुपट्टा का? फळ्यावर लिहिणाऱ्या, वाकून वह्या तपासणाऱ्या, पहिलीतल्या पोरांचं नाक पुसणाऱ्या बाईच्या खांद्यावरून तो दिवसभरात किती वेळा घसरतो, हे नियम लिहिणाऱ्यानं मोजलेलं नाही. पोशाख नीटनेटका हवा हे मला मान्य आहे. मुलं शिक्षकांकडे बघून शिकतात, हेही मान्य. नीटनेटकेपणाची व्याख्या मात्र कापडाच्या प्रकारावरून करू नये. गोव्यातल्या शाळा, इस्पितळं, बँका आणि अंगणवाड्या यांनी एवढंच करावं: रंग ठरवावा, कापड सुती ठरवावं, लांबीची मर्यादा ठरवावी, आणि कापणी बाईवर सोडावी. गणवेश शिवून द्यायचा असेल तर पुढे उघडणारा, दोन खिशांचा आणि दीड इंच मायेचा द्यावा. तयार मापाचे गठ्ठे मागवले की निम्म्या बायका ते पुन्हा शिंप्याकडे नेतात आणि तो हात वर करतो, कारण आत सोडायला कापडच नसतं.

मापाची अडचण वरपर्यंत गेलेली आहे. भारतीय शरीरांची स्वतःची मापं असावीत म्हणून निफ्टनं (राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेनं) सहा शहरांत २५,००० लोकांची मोजणी करायचा प्रकल्प हाती घेतला. ती मापं दुकानांत येईपर्यंत प्रत्येक कंपनीचा ‘एल’ वेगळा, आणि बाळंतपणानंतरच्या शरीराचा हिशेब कुणाच्याच तक्त्यात नाही. छाती ‘एक्सएल’, खांदा ‘एम’, पोट ‘एल’ अशा बाईनं काय घ्यावं? ती छातीच्या मापानं घेते, खांदा उतरतो, आणि आरशात स्वतःला बघून म्हणते, माझंच अंग सुटलं. दोष तिच्या अंगाचा नाही, तक्त्याचा आहे.

म्हणूनच मला गावातल्या शिवणवर्गांकडून जास्त आशा आहे. राज्यातल्या आयटीआयमध्ये शिवणकाम शिकवतात, महिला मंडळं आणि स्वयंसाहाय्य गट डिचोलीपासून काणकोणपर्यंत मशीन चालवतात. तिथे फ्रॉक, परकर, पोलकं, पिशव्या शिकवतात. पाजायचा अंगरखा, टाक्याला न लागणारा पायजमा, खिशाची कुर्ती हे तीन कपडे अभ्यासक्रमात घातले तर त्यांना गिऱ्हाईक शोधायला लागणार नाही. प्रत्येक वाड्यावर ते असतं. पाजणाऱ्या आईला दिवसाला दोन वरचे कपडे लागतात, पावसात धुऊन-वाळून पुन्हा हाताशी यायला दोन-तीन दिवस, म्हणजे सहा वरचे आणि चार पायजमे हा कमीत कमी संच झाला. एका घरातून दहा कपड्यांचं काम. ‘अंग पुन्हा बदलणारच, कशाला खर्च’ म्हणून बायका सध्या याऐवजी नवऱ्याचे जुने टीशर्ट आणि स्वस्तातलं पॉलिस्टर घालतात. माया ठेवून शिवलेला कपडा बदलत्या अंगाबरोबर चालतो, हे त्यांना कुणी दाखवलेलंच नसतं.

शिंप्याकडे जाणार असाल तर माप बाळाला पाजण्याआधी द्यावं, पाजल्यावर दिलेलं माप चार तासांनी घट्ट होतं. टेप लावताना उभं राहून एकदा, खुर्चीवर बसून एकदा सीटचं माप घ्यायला सांगावं आणि मोठं येईल ते लिहून घ्यायला लावावं. पहिली ट्रायल असेल तेव्हा मूल घरी ठेवून जाऊ नये. कडेवर घ्यावं, खाली वाकून जमिनीवर ठेवावं, पुन्हा उचलावं, दोन्ही हात डोक्यावर न्यावेत. कुर्ती कुठे ओढली जाते, गळा कुठे उघडतो, काखेत कुठे ताण येतो हे शिंप्याला तिथेच दिसेल, आणि तो कानामागचा खडू काढून तिथे खूण करील.